सालाखालची खूण

वहीपूजनाच्या रात्री चौरंगावर जी नाणी मांडली जातात, ती बहुतेक व्यापारी घराण्यांत दोन-तीन पिढ्यांपासून चालत आलेली असतात. चार-सहा राणीछाप रुपये, पंचम जॉर्जच्या मुखवट्याचे काही, क्वचित एखादी गिन्नी. वर्षातून एकदा त्यांना केशर-कुंकू लागते आणि ती पुन्हा तिजोरीत जातात. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचे वजन ठाऊक असते, धातूचा कस ठाऊक असतो, कोणते नाणे आजोबांनी कोणत्या प्रसंगी घेतले हेही सांगता येते. परंतु त्याच नाण्यावर सालाच्या आसपास बारीकशी एक खूण असते, कधी अक्षर, कधी ठिपका, कधी नुसती मोकळी जागा. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले, हे ती खूण सांगते. आणि दोन सारख्याच दिसणाऱ्या नाण्यांपैकी एक केवळ धातूच्या भावाचे व दुसरे त्याहून कितीतरी अधिक मोलाचे का, याचा उलगडाही पुष्कळदा तीच करते.

या खुणेचे मूळ प्रयोजन संग्राहकांची हौस हे नव्हे, जबाबदारी हे आहे. एकाच राज्यात अनेक टांकसाळी असतील आणि त्यांपैकी एखादीची नाणी वजनात हलकी किंवा कसात हिणकस निघाली, तर दोष कोणाचा हे ठरवायचे कसे? म्हणून प्रत्येक टांकसाळीने आपल्या ठशात आपली खूण कोरायची, असा दंडक पडला. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. नाण्यावर कोणाचीच सही नसते. नाणे भारत सरकारचे, रिझर्व्ह बँक ते केवळ चलनात आणते. तेव्हा नाण्यावर सहीच्या जागी काही असेल तर ती ही खूण.

आज भारतात चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. २००६ पासून त्या सरकारच्या सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनच्या अखत्यारीत आल्या. मुंबईची खूण म्हणजे पत्त्यांतील चौकटीसारखा लहानसा हिरा. हैदराबादची खूण पाच टोकांची चांदणी. नोएडाचा भरीव गोल ठिपका. कोलकात्याची खूण नाहीच. सालाखाली काही नसेल तर ते नाणे कोलकात्याचे. यातील गंमत अशी की खूण नसणे हीसुद्धा येथे खूणच ठरते. इंग्रजांच्या काळात कोलकाता ही राजधानी, तेथील टांकसाळ मुख्य. मुख्य पेढीला आपले नाव लिहिण्याची गरज काय, लिहायचे ते शाखांनी, असा हा न्याय. लंडनच्या टांकसाळीने तो पाळला, अमेरिकेतील फिलाडेल्फियाने दीर्घकाळ पाळला.

गल्ल्यातील मूठभर चिल्लर काढून सालाखाली पाहिले, तर दहा-पंधरा नाण्यांत या चारही खुणा सापडण्यास हरकत नाही. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो.

खेळ सोपा असला तरी त्यात एक मोठी मेख आहे. खुणेचा अर्थ काळाप्रमाणे पालटतो. आजच्या नाण्यावर ठिपका म्हणजे नोएडा, हे खरे. पण नोएडाच्या टांकसाळीचे काम १९८८ मध्ये सुरू झाले. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर मागच्या बाजूस तळाशी कमळ आहे, आणि त्या कमळाखाली जो सूक्ष्म उठावदार ठिपका दिसतो, तो मुंबईचा. तेथे ठिपका नसेल तर रुपया कोलकात्याचा. त्याच्या आधी, राणी व्हिक्टोरियाच्या आणि सातव्या एडवर्डच्या काळात, मुंबईच्या अनेक नाण्यांवर बॉम्बेचे 'बी' हे इंग्रजी अक्षर येई. हैदराबादचीही आजची चांदणी स्थिर होण्याआधी दुभंगलेला हिरा, मग मध्ये ठिपका असलेला हिरा, अशी रूपे झाली. दुसऱ्या महायुद्धात चिल्लरीची टंचाई झाली तेव्हा लाहोरला टांकसाळ उघडली गेली, आणि १९४३ ते १९४५ या सालांच्या काही नाण्यांवर 'एल' हे अक्षर आले. फाळणीत लाहोर गेले. 'एल' खुणेचे रुपये, अधेल्या, पावल्या मात्र इकडच्या पेट्यांत राहिल्या.

परदेशी खुणांचा आणखी वेगळाच प्रकार. स्वतंत्र भारताची सगळी नाणी भारतातच पडली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. १९८० च्या दशकात टंचाई इतकी वाढली की सरकारला परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून आणावी लागली. १९८५ सालच्या काही रुपयांवर 'एच' हे अक्षर आहे. ते हैदराबादचे नव्हे, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. त्याच सालच्या काही रुपयांवर सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा आहे. मुंबईचा हिरा सालाच्या मध्याखाली येतो. पहिल्या आकड्याखालचा हिरा वेल्समधील लांट्रिसंट येथील ब्रिटिश शाही टांकसाळीचा. पुढे १९९० च्या दशकाअखेरीस पुन्हा हाच मार्ग धरावा लागला. माथ्यावर बारीक शून्य असलेला 'एम' ही मेक्सिकोची खूण, 'एमके' ही स्लोव्हाकियातील क्रेम्निट्झाची, आणि १९९९ च्या काही पाच रुपयांवर तर चक्क रशियन अक्षरे आहेत, ती मॉस्कोची. दक्षिण कोरियातील टांकसाळीनेही चांदणीच वापरली, पण सालाच्या एका कडेच्या आकड्याखाली. म्हणजे चांदणी दिसली की हैदराबाद असे म्हणून भागत नाही. ती कोठे आहे आणि साल कोणते, हेही पाहावे लागते.

दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट

नाणे वाचता न येण्याची किंमत व्यापाऱ्यांना अलीकडेच मोजावी लागली. २०१६ च्या सुमारास देशाच्या अनेक भागांत अफवा उठली की दहा रुपयांची काही नाणी खोटी आहेत. कोणी म्हणे, ज्यावर रुपयाचे नवे चिन्ह नाही ते खोटे. कोणी म्हणे, ज्यावर दहा रेषा आहेत ते खरे आणि पंधरा आहेत ते खोटे. दुकानदार नाणे घेईनात, रिक्षावाले घेईनात, आणि ज्यांच्या गल्ल्यात ती साठली होती त्यांना ती खपवता येईनात. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१६ रोजी खुलासा केला. तो पुरला नाही म्हणून १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा सांगितले की दहा रुपयांची निरनिराळ्या घडणीची १४ प्रकारची नाणी आजवर निघाली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि नाण्यांवर २०११ पासून आले; त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कोठून? नाण्यावरील साल पाहण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या मनात ही शंका उठण्यापूर्वीच मिटली असती.

कायदाही येथे स्पष्ट आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी एका देण्यात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन मानली जातात. पन्नास पैशांच्या नाण्यांची मर्यादा दहा रुपये. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आणि चलनातील नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, हे धातूच्या व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे.

बट्टा आणि छाप

एके काळी मात्र नाणे पारखून घेणे हाच इतवारीच्या सराफांचा रोजचा धंदा होता. नागपूरकर भोसल्यांची स्वतःची टांकसाळ होती. ओरिसा त्यांच्या ताब्यात होता त्या काळात, म्हणजे १७५१ पासून १८०३ पर्यंत, कटकलाही त्यांची नाणी पडत. राज्य मराठ्यांचे, पण रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि लिपी फारसी. त्या काळी हीच सर्वत्र रीत होती. बादशाही नाण्यावर टांकसाळीच्या गावाचे नाव पूर्ण लिहिलेले असे. 'जर्ब अमुक' म्हणजे अमुक ठिकाणी पाडलेले. पण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे गावाचे नाव पुष्कळदा चकतीबाहेरच राही. मग ओळख पटवण्यास उरे ती ठशातील लहानशी आकृती. पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश असे, म्हणून लोक त्याला 'अंकुशी' म्हणत. फारसी न वाचता येणारा शेतकरीही अंकुश ओळखत होता.

नागपूरच्या बाजारात तेव्हा नागपुरी रुपयाबरोबर आसपासच्या राज्यांचे आणि कंपनी सरकारचेही रुपये येत. प्रत्येकात चांदी वेगळी, झीज वेगळी. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना जो फरक आकारला जाई, तो बट्टा. सराफ नाणे वाजवून पाही, कसोटीवर घाशी, तोली. आणि समाधान झाले की त्यावर आपला बारीक छाप ठोकी. जुन्या रुपयांवर फुलासारखे, चंद्रकोरीसारखे, अक्षरासारखे जे लहान खोलगट ठोके दिसतात, ते हेच सराफी छाप. आजचे संग्राहक त्यांना नाण्यातील दोष समजतात. ही दृष्टी एकांगी वाटते. टांकसाळीची खूण राजाची जबाबदारी सांगत असेल, तर हा ठोका व्यापाऱ्याच्या जबाबदारीचा होता : हे नाणे माझ्या हातून गेले आहे, खोटे निघाले तर माझ्या दुकानी आणा. त्या ठोक्यामागे त्या पेढीची पत उभी असे.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या मुलुखात एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया सुरू केला : १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपयाचे वजन म्हणजेच एक तोळा, हे समीकरण त्यातून पक्के झाले आणि सराफीतील तराजूत रुपयाच वजन म्हणून पडू लागला. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. त्यानंतर नागपुरी रुपया हळूहळू वितळणाऱ्या मुशीत गेला, बट्ट्याचा हिशेब वहीतून गेला, आणि खुणा वाचण्याची विद्याही त्याबरोबर मागे पडली.

ही विद्या जैन व्यापारी समाजाला परकी नाही. पारख, खजांची, भंडारी, कोठारी या आडनावांत नाणे पारखण्याची आणि खजिना सांभाळण्याची परंपरा उघड दिसते. तिचा सर्वांत जुना लेखी पुरावा सातशे वर्षांमागचा आहे. ठक्कुर फेरू हे श्रीमाल जैन गृहस्थ दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या पदरी खजिन्याच्या कामावर होते. दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभवावर त्यांनी १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ रचला, तो आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. प्राकृत-अपभ्रंश वळणाच्या भाषेतील सुमारे दीडशे गाथांत त्यांनी धातू शुद्ध करण्याच्या रीती सांगितल्या आणि निरनिराळ्या राज्यांच्या शेकडो नाण्यांची नावे, वजने, त्यांतील सोन्या-चांदी-तांब्याचे प्रमाण व मोल मांडले. नाण्यांच्या परीक्षेलाच वाहिलेला असा दुसरा जुना भारतीय ग्रंथ नाही, असे अभ्यासक मानतात. तो काळाच्या उदरात गडप झाला होता. विसाव्या शतकात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कोलकात्याच्या ग्रंथभांडारात त्याची पोथी सापडली आणि १९६१ मध्ये जोधपूरहून तो छापला गेला. दिल्लीचा अधिकारी सुलतानासाठी नव्हे, तर घरच्या माणसांना धंद्यात फसवणूक होऊ नये म्हणून लिहितो, ही या ग्रंथातील सर्वांत जिव्हाळ्याची बाब आहे.

घरातील गिन्नी

आता तिजोरीकडे वळू. आजही नागपूरच्या घराघरांत जे जुने सोन्याचे नाणे सापडते ते म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, आपली गिन्नी. वजन ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरट, शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. एका बाजूस राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसून अजगर मारणारा संत जॉर्ज. सोन्याचा हिशेब सर्व गिन्न्यांचा एकच. पण त्या सर्व लंडनमध्ये पडलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात सोने निघाले तेव्हा ते जहाजाने लंडनला नेऊन नाणी पाडून आणण्यापेक्षा तेथेच टांकसाळ काढणे परवडले. म्हणून सिडनीचा 'एस', मेलबर्नचा 'एम', पर्थचा 'पी'. कॅनडातील ओटावाचा 'सी', दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचा 'एसए'. आणि एकाच सालासाठी भारताचा 'आय'.

पहिल्या महायुद्धात समुद्रावर पाणबुड्यांचे भय होते. सोन्याची जहाजे लंडनपर्यंत नेणे धोक्याचे झाले होते. तेव्हा १९१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा उघडण्यात आली. तेथे सुमारे १३ लाख गिन्न्या पडल्या आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. या गिन्नीवर साल १९१८ असते आणि सालाच्या बरोबर वर, संत जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, 'आय' हे अक्षर असते, साध्या डोळ्यांना ते एखाद्या ओरखड्यासारखे भासते. १९१८ चीच गिन्नी मेलबर्नची, सिडनीची, पर्थची किंवा ओटावाचीही असू शकते. फरक तेवढ्या एका अक्षराचा. पुढे जवळजवळ शतकभराने, २०१३ मध्ये, शाही टांकसाळीच्या परवान्याने हरियाणातील एमएमटीसी-पॅम्पच्या कारखान्यात पुन्हा 'आय' खुणेच्या गिन्न्या पडल्या. मधल्या काळात मुंबईचा हा 'आय' ऑस्ट्रेलियातही जाऊन आला : दुसऱ्या महायुद्धात, १९४२ आणि १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियासाठी तांब्याची पेनी व अर्धी पेनी मुंबईने पाडून दिली.

मुंबईची गिन्नी अतिदुर्मीळ नव्हे. पण सोन्याच्या भावात मोडीत देण्याजोगीही ती नव्हे, आणि दुर्दैवाने होते तेच. लग्नकार्यात दागिना करताना जुन्या गिन्न्या मुशीत टाकल्या जातात; त्यांतील एकीवर 'आय' होता की नाही हे कोणी पाहिलेले नसते. चांदीच्या रुपयांचेही तसेच. १८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ९१.६७ टक्के चांदीचा, १९४० पासूनचा निम्म्या चांदीचा आणि १९४७ चा निकेलचा, हे सराफाला पाठ असते. पण १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया मुंबईने अगदी थोडा पाडला व तो संग्राहकांत कमालीचा दुर्मीळ मानला जातो, हे ठाऊक नसल्यास तोही इतरांबरोबर किलोच्या भावाने जाईल.

अमेरिकेची अक्षरे

शिक्षणासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी अमेरिकेत गेलेल्या मुलांबरोबर आता डॉलर-सेंटची चिल्लरही नागपूरच्या घरांत येऊन पडू लागली आहे. तिच्यावरील अक्षरांना हाच न्याय लागू होतो. अमेरिकेची पहिली टांकसाळ फिलाडेल्फियाची, १७९२ ची. दक्षिणेत सोने सापडले, तेव्हा १८३५ च्या कायद्याने शार्लट, डलोनेगा आणि न्यू ऑर्लिन्स येथे शाखा काढण्याचे ठरले. त्या १८३८ मध्ये सुरू झाल्या आणि शाखांची नाणी ओळखू यावीत म्हणून 'सी', 'डी', 'ओ' ही अक्षरे आली. पुढे कॅलिफोर्नियातील सोन्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोचा 'एस', नेवाडातील चांदीसाठी कार्सन सिटीचा 'सीसी', आणि १९०६ पासून डेन्व्हरचा 'डी'. डलोनेगा १८६१ मध्येच बंद पडली होती, त्यामुळे जुना 'डी' आणि नवा 'डी' यांत गल्लत होत नाही. मात्र त्यासाठी साल पाहावे लागते. मुख्य पेढी फिलाडेल्फिया कोरीच राहिली. तिचा 'पी' बहुतेक नाण्यांवर १९८० पासून नियमित येऊ लागला. एक सेंट तरीही कोरा, फक्त २०१७ या एका सालाचा अपवाद.

एका अक्षराने किती फरक पडतो, याची उदाहरणे तिकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. १९१६ मध्ये डेन्व्हरने दहा सेंटची नव्या घडणीची नाणी पाडली ती केवळ २,६४,०००. त्याच सालची फिलाडेल्फियाची कोट्यवधी. धातू एक, नक्षी एक. मागच्या बाजूस 'डी' असल्या-नसल्याने मोल कोठल्या कोठे जाते. याचीच दुसरी बाजू अशी की १९६० च्या दशकात चांदी महागली, लोक नाणी दडवू लागले, टंचाई झाली आणि ठपका आला संग्राहकांवर. १९६५ ते १९६७ ही तीन वर्षे अमेरिकी नाण्यांवरून टांकसाळीची खूणच काढून टाकण्यात आली. पंचवीस सेंटचे 'क्वार्टर' १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते, १९६५ पासून तांबे-निकेलचे झाले. टंचाईचे खरे कारण तेथे होते. आजच्या चिल्लरीत शोधण्याजोगे काही असेल तर ते २०१९ आणि २०२० ची 'डब्ल्यू' खुणेची क्वार्टर. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने ती मुद्दाम चलनात सोडली, प्रत्येक नक्षीची फक्त २० लाख. मुलगा सुटीवर येताना खिशात घेऊन आलेल्या क्वार्टरवर मुखवट्याशेजारी हे अक्षर निघाले, तर ते गल्ल्यातील शोभेसाठी ठेवण्यापेक्षा वेगळ्या पाकिटात ठेवावे.

एवढ्याशा अक्षरावर एवढा पैसा अवलंबून म्हटल्यावर लबाडी आलीच. खूण ठशात कोरलेली असते, त्यामुळे ती नाण्याच्या अंगातूनच वर आलेली असते. दुसऱ्या नाण्यावरून कापून चिकटवलेल्या अक्षराभोवती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून बारीक सांधा दिसतो. उलट खूण घासून काढली असेल तर तेथील पृष्ठभाग बाकी नाण्याहून वेगळा चमकतो. १९३९ च्या रुपयाच्या बाबतीत १९३८ च्या शेवटच्या आकड्याशीच खेळ केला जातो. घेण्यापूर्वी वजन आणि शेवटचा आकडा दोन्ही पाहावेत, आणि मोठी रक्कम असेल तर जाणत्या नाणकशास्त्रज्ञाचे मत घ्यावे.

याहून सोपी फसवणूक फोनवर होते. वैष्णोदेवीचे नाणे किंवा जुने पाच रुपये लाखो रुपयांना घेतो, असे सांगणारे लोक आधी 'कर' किंवा 'दलाली' म्हणून रक्कम भरायला लावतात आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही वापरतात. आपण अशा कोणत्याही व्यवहारात नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. ज्या नाण्यांच्या कोट्यवधी प्रती निघाल्या, त्यांना लाखाची किंमत येण्याचे कारण नाही, इतका हिशेब तर कोणत्याही मुनिमाला जमावा.

घरातील जुन्या नाण्यांबाबत दोन कायदे ठाऊक असणे आवश्यक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ च्या गिन्नीला शंभर वर्षे होऊन गेली. न्यू जर्सीतील नातवाच्या मुंजीला, लग्नाला किंवा बारशाला ती भेट म्हणून बॅगेत टाकून नेणे आता गुन्हा आहे. दुसरा कायदा १८७८ चा. महाल-इतवारीतील जुने वाडे पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाण्यांचा हंडा निघालाच, तर दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या अजब बंगल्यात, जुन्या नाण्यांचा मोठा संग्रह आहे. भोसलेकालीन रुपया कसा दिसतो हे पाहायचे तर तेथे जावे.

आणि एक सूचना गृहिणींसाठी, कारण हे काम बहुधा त्यांच्याकडे असते. पूजेपूर्वी नाणी चिंच, लिंबू, राखुंडी किंवा टूथपेस्टने घासण्याची जी पद्धत आहे, ती जुन्या नाण्यांपुरती तरी सोडावी. चकाकी येते, पण शंभर वर्षांत चढलेला मूळ पृष्ठभाग जातो, बारीक खुणा झिजतात, आणि घासलेले नाणे संग्राहक निम्म्या किमतीलाही घेत नाहीत. साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडाने टिपून घेतले तरी पूजेला पुरते. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्यांऐवजी प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर साल, खूण, वजन आणि ते घरात कोणाकडून आले हे शाईने लिहावे. वाटणीच्या वेळी भावंडांत जे गैरसमज होतात, ते पुष्कळदा अशा एका ओळीअभावी होतात : एकाच्या वाट्याला आलेल्या चार रुपयांत एक दुर्मीळ होता हे दहा वर्षांनी कळते, आणि तेव्हा कोणाला ठाऊक होते व कोणाला नव्हते, यावरून मने दुखावतात.

अनेक जैन घरांत २००१ चे पाच रुपयांचे एक नाणे जपून ठेवलेले आहे. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त ते काढण्यात आले होते. २५५० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, २१ एप्रिल २०२४ रोजी दिल्लीत आणखी एक स्मारक नाणे प्रकाशित झाले; ते संग्रहासाठी आहे, चलनासाठी नाही. २००१ चे नाणे मात्र हातोहाती फिरले आहे, आणि कोणाच्या गल्ल्यातही निघू शकते. ते सापडलेच, तर भिंग घेऊन सालाखाली पाहावे आणि जे दिसेल ते पाकिटावर लिहून ठेवावे.